पानी मागतोय

वैशाखात विहिरीत उतरून खणणाऱ्याला शहाणं म्हणायचं की वेडं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण विहीर खणायची ती वैशाखातच. तेव्हाच वरचे झरे आटतात, तळ उघडा पडतो आणि खरं पाणी किती खाली आहे ते कळतं. भुकूमच्या हैबतरावांनी त्या वर्षी मळ्यातली जुनी विहीर आणखी खोल करायला काढली आणि मजुरीला जी माणसं उतरली, त्यात म्हसू धनगराचा बाजी होता. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची ही गोष्ट.

म्हसूची मेंढरं तेव्हा हैबतरावांच्याच रानात बसायला होती. रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढरं आपल्या वावरात बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात, तशी. बाजी म्हणाला, "मेंढराकडं आबा हाय. मी हितं झाडाखाली पडून काय करू?" तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, नुकतं वर्षभरापूर्वी लग्न झालेला. बायकोला पौडच्या बाजारातून चांदीचे तोडे आणून द्यायचे, असं त्याच्या मनात होतं. ते त्यानं आईला सांगितलं होतं, बायकोला नाही. आणि त्याची आई बानूबाई, जिच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, तिनंही हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बानूबाई फटकळ होती हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. हैबतरावांनासुद्धा ती तोंडावर सुनवायची. "मालक, धान्य मोजताना हात आखडू नका, मेंढरं लेंड्या टाकताना आखडत न्हाईत." हैबतराव हसायचे. म्हसू मात्र कमी बोलणारा. पण मेंढरांचा जाणता म्हणून त्याचं नाव नांद्या-नेऱ्याच्या गावांपर्यंत होतं. कुणाचं मेंढरू तोंडाला फेस आणून पडलं, कुणाची लेकुरवाळी मेंढी पान्हा चोरू लागली, की माणसं म्हसूकडं येत. तो मेंढराचं पोट चाचपायचा, कान हुंगायचा आणि सांगायचा. सांगितलेलं सहसा चुकायचं नाही. ह्या एका गोष्टीचा बानूबाईला इतका अभिमान होता, की ती तो सारखा चेष्टेत लपवायची. "मेंढराची नाडी कळती, बायकूची न्हाई कळत," असं चारचौघांत म्हणायची.

त्या दिवशी दुपारी रानात पान हलत नव्हतं. वर ही गत, तर विहिरीत काय असेल! चारी बाजूंना तापलेला काळा दगड, वारा खाली उतरत नाही आणि डोक्यावर सूर्य. तळाला ओल दिसायला लागली होती, म्हणून बाजी जेवायलाही वर आला नाही. "पानी लागतंय, आता सोडत न्हाई," म्हणाला आणि पहार मारत राहिला. मग एकाएकी त्याची पहार थांबली. तो हसायला लागला. तिथं नसलेल्या मेंढरांना हाका मारायला लागला. जोडीच्या गड्यांनी दोर बांधून त्याला वर ओढला तेव्हा तो त्यांना ओळखत नव्हता.

त्यांनी त्याला उचलून रानातल्या म्हसूच्या पालाशी आणला, बाभळीखाली टेकवला आणि ते हैबतरावांना सांगायला वाड्याकडं पळाले. सून भागूबाई धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. पालाशी फक्त बानूबाई आणि म्हसू.

बानूबाईनं लेकाच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. सकाळपासून पहार मारलेला माणूस आणि कोरडा ठणठणीत! तिनं दुसरा विचार केला नाही. पाण्याची घागर उचलली आणि पोराच्या छातीवर ओतायला लागली.

म्हसूनं तिचा हात धरला. घागर तिरपी झाली, निम्मं पाणी मातीत गेलं.

"मारतीस का काय त्याला? तापलेल्या अंगाव गार पानी घालत्यात व्हय? तापलेल्या मेंढराला पानी दाखिवलं की ते जागच्या जागी मरतंय."

"आवं, मेंढरू न्हाई ते, प्वार हाय आपलं!"

"पोराला न्हाई ऊन लागत? ऊन ते ऊनच."

म्हसूच्या डोक्यात काय होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर त्याला कुणीही मूर्ख म्हणेल आणि तो मूर्ख नव्हता. काही वर्षांमागं लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घाईपायी त्यानं ऐन वैशाखात निम्मी मेंढरं कातरली होती. कातरलेली उन्हानं पटापटा पडली आणि अंगावर लोकर असलेली तशीच चरत राहिली. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तो भर उन्हात घोंगडी डोक्यावरून घेऊन चालायचा, आणि खरंच त्याला ऊन लागायचं नाही. लोकर ऊन आत येऊ देत नाही, हे त्याचं आयुष्यभराचं ज्ञान. त्या ज्ञानानं त्यानं आजवर कितीतरी जीव वाचवले होते.

त्यानं नवी काळी घोंगडी झटकली, दुहेरी केली आणि पोराला गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. "दडपून घाम काढला की उतरंल," म्हणाला. बाजी आतल्या आत हात झाडत होता. "आय… आय…" करत होता. बानूबाई घागरीतलं उरलेलं पाणी घेऊन उभी राहिली. एवढी फटकळ बाई, पण त्या घटकेला तिनं नवऱ्याच्या हातावर विश्वास ठेवला. सगळा मुलूख ठेवत होता, तिनं का ठेवू नये?

घाम काही आला नाही. हैबतराव शेजारच्या गावाला गेले होते, त्यांना शोधून आणण्यात वेळ गेला. ते येईतो बाजीचे डोळे पांढरे झाले आणि अंगाला झटके यायला लागले. ओढ्यावरून आलेली भागूबाई ओलं धुणं टाकून नवऱ्याकडं धावली. हैबतरावांनी पौड रस्त्यावर खडीची लॉरी अडवली आणि घोंगडीतल्या बाजीला तसाच उचलून खडीवर ठेवला.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात जास्तीच्या रोग्यांसाठी वॉर्डाच्या टोकाला एक वेगळी खोली होती. त्या आठवड्यात ती उन्हाच्या रोग्यांनीच भरली होती. एक म्हातारा टांगेवाला होता, एक भट्टीवरची बाई होती. दोघंही बेशुद्ध, ओल्या चादरीत. दारात भुश्यातून आणलेल्या बर्फाच्या लाद्या आणि कोपऱ्यात घरघरणारा पंखा. बाजीला खाटेवर ठेवला आणि तरण्या डॉक्टरनं घोंगडी सोडली. आतून वाफ यावी तशी धग आली. डॉक्टर मागं सरला. त्यानं पारा लावून पाहिला, तो शेवटच्या रेघेला भिडला होता.

"कुणी गुंडाळलं याला?" डॉक्टर ओरडला. थकलेला होता बिचारा, सकाळपासून त्यानं दोन माणसं गमावली होती. "उन्हाचा झटका बसलेल्या माणसाला कुणी घोंगडीत घालतं? घोंगडी बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही, तसं आतलं ऊन बाहेरही जाऊ देत नाही! तेव्हाच अंगावर घागरभर पाणी ओतलं असतं, तर हा इथवर आलाच नसता. कुणाची ही अक्कल?"

बानूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचे हात लुळे पडले होते. नांद्या-नेऱ्याची माणसं ज्या हातांकडं मेंढरं घेऊन यायची, ते हात. बानूबाईला वाटलं, आता ह्यानं होय म्हटलं तर हा इथंच कोसळेल आणि पुन्हा उभा राहणार नाही.

"म्या," ती म्हणाली. "म्या गुंडाळलं."

दाराशी उभी असलेली भागूबाई वळून सासूकडं बघत राहिली. आणि म्हसू? 'न्हाई' हा एवढासा शब्द, पण तो त्याच्या तोंडून निघाला नाही.

खोटं बोलायला एक क्षण पुरतो आणि त्याची भरपाई मात्र लगेच सुरू होते. सिस्टरनं बानूबाईला खोलीच्या बाहेर काढलं. "बाई, तुम्ही दारातच थांबा. पुन्हा काही पांघरूण घालाल." आणि म्हसूला म्हणाली, "आजोबा, तुम्ही या. मी सांगते तसं करा." म्हणजे ज्यानं गुंडाळलं तो आत, आणि जिनं पाणी ओतलं ती बाहेर! बानूबाई दारात उभी राहून बघत होती. सिस्टरनं दाखवल्याप्रमाणे म्हसू चादर बर्फाच्या पाण्यात भिजवून लेकाच्या अंगावर टाकायचा, सुकली की पुन्हा भिजवायचा, हातापायांना चोळायचा. त्याची बोटं बर्फानं पांढरी पडली तरी तो थांबत नव्हता. मध्येच बाजी कुडकुडायला लागला. तेव्हा म्हसूनं घाबरून दाराकडं पाहिलं, आणि बानूबाईनं मानेनंच सांगितलं, भिजवा, भिजवत ऱ्हावा.

टांगेवाला दुसऱ्या दिवशी गेला. भट्टीवरची बाई त्याच्या मागोमाग. दर वेळी खाट रिकामी झाली की भागूबाईच्या तोंडातून बारीक आवाज निघायचा, आणि बानूबाई तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली की ती अंग चोरून घ्यायची.

बाजी मात्र जगला. डॉक्टरलाही नवल वाटलं. पण शुद्धीवर आला तो निराळाच बाजी होता. पेला उचलायला हात पुढं केला की हात पेल्याच्या अलीकडं पलीकडं भिरभिरायचा. उभा राहिला की दारू प्यायल्यासारखा झुकायचा. आणि बोलायला लागला की जीभ तोंडात लोळायची. डॉक्टर म्हणाला, "मेंदूला धग लागली आहे. थोडंफार सुधारेल, सगळं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "जगला हेच पुष्कळ समजा." हे तो बानूबाईकडं न बघता म्हणाला.

घरी आणल्यावर पहिल्या सकाळी बाजी काठीचा आधार घेत मेंढरांकडं गेला. मेंढरं वळवायची प्रत्येक धनगराची आपली हाक असते आणि मेंढरं तीच ओळखतात, दुसऱ्याच्या हाकेला मान वर करत नाहीत. बाजीची हाक लांब आणि शेवटी एकदम उंच चढणारी. लहानपणी तो ती टेकडीवर चढून मारायचा, तर खाली गावातल्या बायका म्हणायच्या, "म्हसूचा पोरगा आला बघ."

बाजीनं तोंड उघडलं, हाक मारली. ओला, जडसा एक आवाज निघाला. दोन-चार मेंढरांनी माना वर केल्या, पाहिलं, आणि पुन्हा खाली घालून चरायला लागली. बाजीनं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. शेवटी म्हसूनं दुरून आपली हाक दिली आणि सगळा कळप त्याच्याकडं वळून चालायला लागला, बाजीला वळसा घालून. बाजी तिथंच मातीत बसला. बानूबाई हे पालाच्या तोंडाशी उभी राहून बघत होती आणि तिला वाटलं, टांगेवाल्याच्या जागी आपण गेलो असतो तर बरं झालं असतं.

बाजी काय बोलतो ते घरात फक्त तिला कळायचं. त्याला कारण होतं. बाजी लहानपणी फार उशिरा बोलायला लागला होता. बोबडा, अर्धे शब्द गिळणारा. तेव्हाही त्याचं बोलणं फक्त आईला कळायचं आणि ती इतरांना सांगायची. आता पुन्हा तेच झालं. भागूबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत रडकुंडीला यायची. "काय म्हंत्यात?" हे तिला सासूला विचारावं लागायचं, आणि विचारायची ती सासूकडं न बघता. एरवी ती सासूशी बोलत नव्हती. भाकरी बानूबाईनं थापली तर ती नवऱ्याला भरवत नव्हती, स्वतः वेगळी थापायची. एकदा तिनं बोलूनच दाखवलं, "त्यांना तुमचा हात नगं लागाया."

बानूबाईनं तवा खाली उतरवला आणि बाहेर जाऊन बसली. ज्या बाईनं हैबतरावांना सुनावलं, ती सुनेपुढं मुकी!

म्हसूला तिनं एकदा गाठला, रानात. "कवा सांगनार?"

म्हसू मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. काटा निघाला तरी मान वर केली नाही. "सांगतो."

"म्या तवा बोलले ते इस्पितळापुरतं. आयुक्षभर न्हाई."

"सांगतो म्हनलं ना."

"येक वाक्य हाय. बाजीला चार पावलं टाकाया जेवढा येळ लागतो, तेवढ्यात हुईल."

म्हसूनं तोंड वर केलं. इतकं म्हातारं तोंड तिनं त्याचं कधी पाहिलं नव्हतं. त्याच महिन्यात नेऱ्याचा एकजण आजारी मेंढी घेऊन आला होता, तर म्हसू म्हणाला होता, "मला काय कळत न्हाई त्यातलं." आणि पालात जाऊन झोपला होता. बानूबाईला हे आठवलं. तिला त्याची चीड आली आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं, त्याला ती काय करणार?

ज्येष्ठाच्या मध्याला भागूबाईचा बाप, भिकू, आला. सोबत त्यांच्या भावकीतलं एक वडीलधारं माणूस. घोंगड्या अंथरल्या, बाजीलाही दाराशी आणून बसवलं. भिकू भला माणूस होता, ओरडला नाही, म्हणून तर त्याचं बोलणं जास्त लागलं.

"पाव्हणं," तो म्हसूला म्हणाला, "जावाई असा झाला, ते नशीब म्हनू. मी माझी पोर त्यापायी न्हेनार न्हाई, ती स्वता म्हंती मी सेवा करते. पर ज्या बाईनं पोराला घोंगडीत घालून भाजला, तिच्या हाताखाली माझी पोर ऱ्हानार न्हाई. विहीनबाईस्नी त्यांच्या भावाकडं जाऊ द्या, न्हाईतर मी पोर घिऊन जातो. दोन्हीतलं येक सांगा."

बानूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आता तरी! ह्यापेक्षा आणखी कोणती वेळ येणार? म्हसू जमिनीकडं बघत काडीनं रेघा ओढत होता. काडी मोडली. त्यानं दुसरी घेतली.

आणि तेवढ्यात बाजी बोलला.

हात थरथरत वर आला, बापाच्या दिशेला भिरभिरत थांबला. तोंडातून ओले, लांबलेले आवाज निघायला लागले. भिकूनं दुःखानं मान फिरवली. पण बानूबाईला एकेक अक्षर कळत होतं. तो म्हणत होता, "आयनं न्हाई. आबानं गुंडाळलं. आय पानी घालत हुती."

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं! घोंगडीत घुसमटताना, अंग पेटलेलं असताना, त्याला आईच्या हातातलं पाणी दिसलं होतं आणि बापानं धरलेला तिचा हातही. आणि हे तो आत्ताच बोलत नव्हता. गेल्या काही दिवसांत रोज काहीतरी बापाकडं बघून म्हणायला सुरुवात करायचा आणि म्हसू उठून मेंढरांकडं निघून जायचा.

"काय म्हंत्यात?" भागूबाईनं विचारलं. आणि ह्या वेळी तिनं सासूच्या डोळ्यांत बघून विचारलं.

बानूबाईच्या जिभेवर ते वाक्य आलेलं होतं. तिचं घर, तिचा लेक, तिची सून, सगळं त्या वाक्यात होतं. जसंच्या तसं सांगायचं, बस्स. तिनं म्हसूकडं पाहिलं. म्हसूनं ऐकलं होतं. त्याला शब्द कळले नसतील कदाचित, पण अर्थ कळला होता. त्यानं डोळे मिटून घेतले होते, मार खायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे. आणि बानूबाईच्या मनात आलं, की आता ह्या घरात मेंढरं ज्याच्या हाकेला वळतात असा एकच माणूस उरला आहे. तोही मोडला तर बाजी खाणार काय?

"पानी मागतोय," ती म्हणाली.

बाजीनं आईकडं पाहिलं. ती नजर तिला पुढं आयुष्यभर झोपू देणार नव्हती.

"आत्ताच तर प्याले," भागूबाई पुटपुटली.

म्हसू उठला. कुणी सांगायच्या आत उठला, घागरीशी गेला, तांब्या भरला. घाईत निम्मं पाणी वाटेत सांडलं. तो लेकापुढं गुडघ्यांवर बसला आणि तांब्या त्याच्या तोंडाशी धरला. बाजी बापाच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं तोंड उघडलं आणि तहान नसताना सगळं पाणी पिऊन टाकलं.

बानूबाईनं दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधलं. नांद्याला तिचा भाऊ होता, तिथं जायचं ठरलं. निघताना तिनं भागूबाईला बाजूला बोलावलं. भागूबाई आली, पण दोन हात लांब उभी राहिली.

"मी गेल्याव त्याचं बोलनं कुनाला कळनार? तवा शिकून घे," बानूबाई म्हणाली. "त्याच्या तोंडाकडं बघू नगंस, तोंड फसवतं. डोळ्याकडं बघ. मधी बोलू नगंस. आपुन घाईनं शब्द पुरा करतो, मग तो सोडून देतो. शेवटचं अक्षर येईस्तोवर थांबायचं. पहिलं अक्षर तो गिळतो, ते आपुन लावायचं. रोज बस त्याच्याजवळ. कळंल."

हे सांगताना तिला पुरतं माहीत होतं, की ज्या दिवशी सुनेला कळायला लागेल, त्या दिवशी तिला तेही वाक्य कळेल. तरी सांगितलं. लेकाला मुका ठेवून जाणं तिच्यानं झालं नसतं.

म्हसू तिला वेशीपर्यंत पोचवायला आला. गाठोडं त्यानंच घेतलं होतं. वेशीशी त्यानं ते तिच्या डोक्यावर दिलं आणि हात तसाच गाठोड्यावर ठेवून उभा राहिला. "मी…" म्हणाला.

"जावा," ती म्हणाली. "मेंढरं येकटी हायेत."

पावसात मुळशीकडं मेंढरं टिकत नाहीत, खुरं कुजतात. म्हसू कळप घेऊन खाली देशाकडं उतरला, भागूबाई आणि बाजी भुकूम गावातल्या एका खोपटात राहिले. बानूबाई नांद्याला भावाच्या घरी भाताची रोपं लावत होती, भावजयीचं बोलणं खात होती आणि कुणाला उलटून बोलत नव्हती. शेजारणी म्हणायच्या, ही बाई किती गरीब आहे! भावाला मात्र वाटायचं, आपली बहीण कुठंतरी हरवली आहे.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या दिवशी भागूबाई आली. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली, डोक्यावर पावसाचं इरलं. अंगणात उभी राहिली. बानूबाई हात पुसत बाहेर आली. आधी तिच्या मनात वाईटच आलं.

"बाजी?"

"बरं हायेत. दोन गल्ल्या चालत्यात काठीनं. शेजारच्या आजीला बसवून आले."

भागूबाईनं इरलं उतरवून भिंतीला टेकवलं. तिचे डोळे सुजलेले होते, ते आजचे नव्हते, पुष्कळ दिवसांचे होते.

"आत्या," ती म्हणाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणायची तशी. "मला कळाया लागलंय ते काय बोलत्यात ते."

बानूबाईनं दाराची चौकट धरली.

"रोज येकच बोलत्यात. सकाळ-संध्याकाळ. तुमी सांगितलं तसं बसले, थांबले शेवटच्या अक्षरापातूर. परवा समदं कळलं." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तिनं पदर तोंडावर दाबला, पुन्हा काढला, आणि सासूच्या डोळ्यांत बघत एकेक शब्द नीट मांडला. "पानी मागत्यात."

बानूबाईनं चौकट सोडली.

"कुनी बी इचारलं तरी मी त्येच सांगनार हाय," भागूबाई म्हणाली. "मामंजी दसऱ्याला माघारी येत्यात. त्यांना बी."

आणि आत जाऊन तिनं कोपऱ्यातलं सासूचं गाठोडं उचललं, आपल्या डोक्यावर घेतलं आणि इरलं सासूच्या हातात दिलं.

"चला आत्या. भाकरी तुमीच भरवा त्यांना. माझ्या हातची सांडत्यात."